एकवीस खोल्यांचा पलंग

मी एक जुना पलंग आहे, फणसाच्या लाकडाचा. मित्रांनो, माझे मालक दत्ताजी यांना माझ्यापासून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. मी आणि माझे सहा भाऊ मिळून त्यांना बारचा परवाना मिळवून देणार होतो. पलंगामुळे लोकांना झोप लागते. दत्ताजींना जाग आली.

मी तंजावरचा. दत्ताजी आणि सईबाईंच्या लग्नात सईबाईंच्या माहेराहून चेन्नईच्या मैलापूरला आलो. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत दत्ताजींचं लॉज होतं. खाली सईबाईंची खानावळ, वर सात खोल्या आणि आम्ही सात पलंग. डिसेंबरात संगीतसभांमधलं गाणं ऐकायला गावोगावचे रसिक उतरत. पुण्याच्या अलकनंदाबाई तर वीस वर्षं माझ्यावरच झोपल्या. या पलंगावर पाठ दुखत नाही, असं त्या सगळ्यांना सांगत. माझी आयुष्यात तेवढीच स्तुती झाली. सईबाई अकरा महिने त्या एका महिन्याची वाट पाहत.

२००६ साली एक एजंट येऊन सांगून गेला की टूरिस्टांसाठी वीसच्या वर खोल्या दाखवा, बार तुमचा. दत्ताजींनी भराभर दोन मजले चढवले. दारं बसवली, दारांवर आकडे लावले. पलंग तेवढे आणले नाहीत. सईबाईंना हे पसंत नव्हतं. खानावळीला हात लावणार नाही, असा शब्द दत्ताजींनी दिला, तेव्हा कुठे त्या परवान्याच्या तपासणीच्या दिवशी कॉफी करायला तयार झाल्या.

कॉफीचं काम मोठं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी एक मजला पाहिला की त्यांना खाली कॉफीला न्यायचं. ते फुंकर घालत असताना सुब्बा वॉचमन आणि चार हमाल आम्हाला मागच्या जिन्याने वर चढवत. चादर बदलली की आम्ही नवे. असं दोनदा झालं. साहेब १०३ मध्ये माझ्यावर टेकले होते आणि चष्मा तिथेच विसरले होते. सुब्बा प्रामाणिक, चादर बदलताना त्याने चष्मा उचलला आणि पुन्हा उशीवर नीट ठेवला. तो साहेबांना ३०३ मध्ये सापडला. त्यांनी काचा पुसल्या, चष्मा चढवला, मला न्याहाळून पाहिलं आणि सही केली.

महिन्याभरात खानावळ गेली, बार आला. स्टेशनवर पत्रकं वाटली गेली: मंदिर, समुद्र आणि थंडगार बिअर, सगळं हाकेच्या अंतरावर. पत्रकावर एक गोरी बाई हसत होती. ती काही कधी आली नाही. येत ते गल्लीतलेच. आम्ही पलंग परत पहिल्या मजल्यावर उतरलो, वरच्या दोन्ही मजल्यांवर बाटल्यांचे खोके राहायला आले.

डिसेंबरात अलकनंदाबाई आल्या, सोबत भाची स्वरदा. संध्याकाळी त्या सभेहून परतल्या तेव्हा बारमधले दोघं त्यांच्या मागोमाग जिना चढले. “टूरिस्ट? टूरिस्ट?” करत दार बडवू लागले. दत्ताजी खाली गल्ल्यावर होते. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणे. दोघींनी मला ओढत नेऊन दाराला लावलं. मित्रांनो, पलंगावर असलं काम करायची पाळी येऊ नये.

सकाळी त्या निघाल्या. सईबाई माफी मागू लागल्या, तेव्हा अलकनंदाबाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बोलावू नका हं. तुम्ही बोलावलंत तर मला नाही म्हणता येणार नाही.”

टूरिस्ट म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं दत्ताजी म्हणाले.

“टूरिस्ट तुमची. माझी ती अलकनंदा,” एवढंच सईबाई बोलल्या.

वर्षाने परवान्याच्या नूतनीकरणासाठी साहेब पुन्हा आले. या खेपेला कॉफी नव्हती. सईबाई १०३ मध्ये माझ्यावर मांडी घालून बसल्या.

“सई, ऊठ. वर न्यायचाय तो,” दत्ताजी दातांवर दात दाबून म्हणाले.

“मी टूरिस्ट आहे. टूरिस्टाला उठवतात का?”

मी खुशीत आलो. आता साहेब वर जाणार, पलंग नसलेल्या चौदा खोल्या पाहणार! पण साहेबांनी दारातूनच आम्हा दोघांना पाहिलं. वरचं मागच्या वर्षी पाहिलंय, असं म्हणाले, आणि उभ्या उभ्या सही करून गेले.

त्याच आठवड्यात सईबाई मला घेऊन वेस्ट मांबलमला लेकीकडे, हरिप्रियाकडे, आल्या. दोन खोल्यांचं घर. मी इथे अर्धी वाट अडवतो. लॉजवर आता सहाच पलंग आहेत, पण कागदावर मी अजून तिन्ही मजल्यांवर आहे.

मित्रांनो, कुणी तुम्हाला सांगितलं की पाहुण्यांसाठी शहरात इतके पलंग वाढले, तर त्यांवर कोण झोपलं हेही विचारा. आणि पाहुण्याला आपला म्हणत असाल, तर तो परत येईपर्यंत जिना सांभाळा.

बाकी हिशेब सोपा आहे. दत्ताजींना बार मिळाला. साहेबांना अहवालात लिहायला एकवीस खोल्या मिळाल्या. गल्लीला बसायला जागा मिळाली. अलकनंदाबाईंची खोली गेली. आणि सईबाईंचा डिसेंबर गेला. आता त्यांना बारा महिने सारखेच.