दहापासून मोजलेली फळी

आमच्या सुतारकामाच्या शेडमध्ये दारासमोर एक काळा फळा आहे आणि त्यावर लिहायचा हक्क गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कुणी दिला म्हणाल, तर मीच घेतला. दर बुधवारी मी नवी सूचना लिहितो. बोथट पटाशीच जास्त बोटं कापते, कारण तिला जोर लावावा लागतो. स्क्रू आधी मेणबत्तीवर घासा, मग तो मुकाट्याने आत जातो. लाकूड आवळायचे क्लॅम्प कितीही घेतलेत तरी ऐन वेळी एक कमीच पडतो. शेडमधली बाकीची निवृत्त मंडळी हे वाचतात, हसतात आणि बोथट पटाश्या वापरत राहतात. विल्फ नावाचा प्राणी तर खजुराचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजून आणतो, चहा करतो आणि करवतीला हात न लावता सगळ्यांच्या कामाला नावं ठेवतो.

फळ्याच्या अगदी वर मात्र एक ओळ आहे, ती मी कधी पुसत नाही: दहापासून मोजा. टेपच्या टोकाला पत्र्याचा आकडा असतो ना, तो चार वेळा जमिनीवर पडला की वाकतो आणि एक-दोन मिलिमीटर खोटं बोलायला लागतो. म्हणून आकड्यावर विसंबू नये. टेपवरची दहा सेंटिमीटरची खूण लाकडाच्या कडेवर धरावी, तिथून मोजावं आणि खूण करताना ते दहा वाढवून घ्यावेत. यावरून शेडमध्ये माझं नाव 'दहावाला हेक' पडलं आहे. मला त्याचा अभिमान होता.

फेब्रुवारीत, गावच्या होड्यांच्या शर्यतीला दहा दिवस उरले असताना, नेरिडा घोंगडीत गुंडाळलेली एक फळी काखेत घेऊन आली. तिचा नवरा मर्व माझा मित्र. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घोंगडी सोडल्याबरोबर सगळी शेड त्या वासाने भरली. हुऑन पाइनची फळी! लोण्यासारखी पिवळी, बोट फिरवलं तर तेलकट लागणारी, पाण्यात शंभर वर्षं ठेवली तरी न कुजणारी. याचं उभं झाड आता कुणी तोडत नाही. नदीच्या तळातून काढलेले जुने ओंडके मिळतील तेवढेच. मर्वने ती फळी बावीस वर्षं पलंगाखाली जपली होती.

"त्याच्या होडीतल्या बसायच्या दोन आडव्या फळ्या कुजल्यात," नेरिडा म्हणाली. "पुढची आणि मधली. मागची बसायची तेवढी शाबूत आहे. यातून एकच निघेल ना?"

"एकच. कुठली करू?"

"मधली. तो एकटा मासे धरायला जायचा तेव्हा मधे बसून वल्हवायचा. मी बरोबर असले की मी मागे आणि तो पुढच्या फळीवर, म्हणजे तोल राहायचा. आता मी एकटीच आहे. शर्यतीत मी त्याची होडी एकटी नेणार, हेक. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे."

मी हसलो नाही. मला तर भरून आलं. वर आणखी एक गोष्ट होती, ती इथे सांगूनच टाकतो. तिच्याबद्दल मला जे वाटतं, ते मी वर्षभर मूग गिळून मनात ठेवलं होतं. ही फळी झकास बसली की निदान आपली किंमत तिला कळेल, असा माझा हिशेब होता.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी आम्ही कामाला लागलो. होडीत मधल्या जागेची रुंदी मी काठीने मापून आणली होती: एकशे बावीस सेंटिमीटर. नेरिडा समोर उभी होती, विल्फ स्कोनला लोणी लावत होता, आणि मी रंगात आलो होतो.

"आता नीट बघ," मी म्हणालो. "आकडा लावायचा नाही. आकडा लबाड. हे बघ, दहा इथे धरलं. आता आरामात मोजायचं. आणि दोनदा मोजायचं. दोनदा मोजा, एकदा कापा!"

"भाषण संपलं की काप," विल्फ म्हणाला. "चहा गार होतोय."

मी दोनदा मोजलं, एकशे बावीसवर पेन्सिलीची रेघ मारली, गुण्या लावला, धारदार करवतीने एका दमात कापलं. कापलेली कड आरशासारखी आली. मग फळी होडीत नेऊन धरली, तर एका बाजूला माझी अख्खी मूठ जाईल एवढी फट.

दहा सेंटिमीटर. दहापासून मोजलं होतं आणि दहा वाढवायचे विसरलो होतो. दोनदा मोजलं होतं, दोन्ही वेळा सारखंच चुकलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ते मीच.

विल्फने हातातला स्कोन खाली ठेवला, यावरून प्रसंग ओळखा. नेरिडाने उरलेला तुकडा उचलला, नाकाशी धरला आणि खाली ठेवला.

"दुसरी मिळेल का?" तिने विचारलं.

"शनिवारच्या आत? अशी? अवघड आहे," मी म्हणालो.

आणि इथे मी खोटं बोललो. माझ्या घराच्या माळ्यावर हुऑन पाइनची एक फळी आहे, चांगली एकशे ऐंशी सेंटिमीटर. एकतीस वर्षं मी ती एखाद्या लायक कामासाठी राखून ठेवली आहे. या नादाला लागलेला प्रत्येक माणूस अशी एक फळी राखून ठेवतो आणि लायक काम कधी येत नाही. ती फळी मला त्याच क्षणी आठवली होती. जीभ उचलली नाही. लाज वाटली, पण लाजेपेक्षा फळी जड ठरली.

म्हणून मी खटपट सुरू केली. होडीच्या दोन्ही बाजूंना आतून लाकडाची एक लांब पट्टी असते, तिच्यावर या आडव्या फळ्या टेकतात. आखूड फळी मी त्या पट्ट्यांवरून पुढे सरकवत गेलो. होडी पुढे निमुळती होते ना. सरकवता सरकवता एका जागी फळी दोन्हीकडे घट्ट बसली. जरा कोपरे तासले आणि ब्राँझचे स्क्रू मारले, कारण लोखंडाने लाकूड काळं पडतं. जागा होती मर्वच्या पुढच्या फळीची. वल्ह्यांच्या कड्याही तिथे जुन्याच होत्या.

"बसली!" मी म्हणालो.

"बसली खरी," नेरिडा म्हणाली, "पण मी पुढे एकटी बसले तर नाक पाण्यात आणि शेपूट वर."

"मागे वाळूची पोती टाकू," मी म्हणालो.

शुक्रवारी पोती टाकून नदीत होडी घातली. वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला पोती एकदा डावीकडे घरंगळत, एकदा उजवीकडे. नेरिडा किनाऱ्याला लागली ती भिजून आणि संतापून.

"हेकलाच टाक ना मागे," विल्फ म्हणाला. "वजन तेवढंच आहे."

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"पोत्याला तरी कुठे येतं?"

नेरिडाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, लाकूड निवडताना बघतात तसं. "उद्या नऊ वाजता," ती म्हणाली. "आणि होडीत सूचना द्यायच्या नाहीत. एकही नाही."

शनिवारी मी मर्वच्या बायकोच्या जागेवर बसलो. अंगात जीवरक्षक जाकीट, दोन्ही हातांनी कड धरलेली. शिट्टी झाली. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते, त्यामुळे नेरिडाचं तोंड थेट माझ्याकडे. ती वल्हं जरा जास्तच खोल घालत होती. मी ओठ चावून गप्प राहिलो. अर्ध्या नदीपर्यंत. मग सुटलंच तोंडातून, "जरा उथळ घातलंस तर..."

"हेक!"

"बरं."

पण तिने वल्हं उथळ घातलं आणि होडी सुरेख निघाली. पलीकडच्या खांबाला वळसा घालताना ती दम घ्यायला थांबली. मला वाटलं, दमली. ती हसत होती आणि डोळे भरले होते.

"बावीस वर्षं मी तिथे बसून त्याचं तोंड बघितलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, तो मागचा किनारा बघत असतो. माझ्या खांद्यावरून. इथून किनारा दिसतच नाही रे. तू जिथे बसलायस तेवढंच दिसतं."

मी टोपी सारखी केली.

आम्ही शेवटून दुसरे आलो. आमच्यामागे होते त्यांच्या होडीत पाणी शिरलं होतं, तरी विल्फने धक्क्यावरून अशी आरोळी ठोकली की अर्धं गाव वळून बघायला लागलं. होडी बांधून होईपर्यंत मला राहवेना. फळी आतून टोचत होती.

"नेरिडा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "माझ्या माळ्यावर एक हुऑन पाइन आहे. मोठी आहे. बुधवारीच आठवली होती, पण देववली नाही. सोमवारी घेऊन येतो. तुला हवी तशी मधली फळी करून देतो, म्हणजे तुला एकटीला जाता येईल. या वेळी काठी ठेवूनच मापेन."

"एकशे ऐंशीची ना?" ती दोरीची गाठ मारत म्हणाली. "अख्ख्या शेडला माहिती आहे. मर्व म्हणायचा, हेक एक दिवस त्या फळीवर मान टाकणार, पण तिला करवत लावणार नाही."

माझे कान तापले. "मग तू त्या दिवशी मागितली का नाहीस?"

"तू देतोस का ते बघत होते."

"आता देतोय."

"ते ऐकलं मी." तिने गाठ दोनदा ओढून पाहिली. मग पुढच्या फळीवर, जिथे ती बसली होती, तिथलं पाणी तळव्याने निपटून टाकलं. "राहू दे माळ्यावर."

"अगं पण मधली फळी..."

"राहू दे म्हटलं ना. आणि पुढच्या शनिवारी येताना उशी आण, हेक. त्या मागच्या फळीवर बसून कंबर फार दुखते, मला विचार."