चिमट्याची साक्ष

मी चिमटा बोलतोय. चुलीपाशी निखारे उचलतो तो नव्हे. त्याचं बरं आहे, त्याने काय केलं ते सगळ्यांना दिसतं. मी सायकलचा पुढचा चिमटा. माझ्या दोन पायांच्या मध्ये चाक फिरतं आणि डोक्यावर हँडल बसतं. सायकल कुठे जाणार हे मी ठरवत नाही, पण ती जिथे जाते तिथे आधी मी पोचतो. आपटतोही आधी मीच.

मी काही चोरी केली नाही. खोटंही बोललो नाही, कारण मला बोलताच येत नव्हतं. तरीही माझ्यावरून एका माणसाला चोर ठरवण्यात आलं. ते मला सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. पण न सांगता तीन वर्षं काढली आणि त्याने काही बरं झालं नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून मी मस्कतच्या एका दुकानात आलो आणि १९८५ च्या मे महिन्यात खोक्यात बसून कर्जतला. मोहियुद्दीन मस्कतला नोकरीला होता. त्याने आपल्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी, तय्यबासाठी, बीएमएक्स सायकल आणली होती. बुटकी, जाड टायरची, हँडलवर मऊ उशी बांधलेली. इथल्या सायकलींचे चिमटे पुढे वाकलेले असतात, म्हाताऱ्या माणसाच्या काठीच्या मुठीसारखे. माझे पाय मात्र सरळ आणि चकचकीत. लोक थांबून बघत. मला गर्व झाला होता, खोटं कशाला सांगू?

मोहियुद्दीन परत गेला. घरात राहिले त्याचे वडील सुलेमानचाचा, बायको रजिया आणि तय्यबा.

रजिया मॅट्रिक झालेली, अठ्ठावीस वर्षांची, आणि सतत काळजीत. दूध उतू जाईल, पोरीला ताप येईल, वस्तू हरवेल. हरवण्यावर तिने एक उपाय काढला होता. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ती नखाच्या लाल रंगाचा एक ठिपका लावायची. छत्रीवर, डब्यावर, पाटीवर. माझ्या डाव्या पायाच्या आतल्या बाजूलाही तिने एक ठिपका लावला आणि स्वतःशीच हसून म्हणाली, "आता पोरीलाच लावायचा राहिलाय."

सुलेमानचाचांनी सायकलला परवानगी दिली, पण एका अटीवर. "पोरगी पडली, तोंड फुटलं, तर तिच्या बापाला मी काय सांगू? एकदा पडली की सायकल माळ्यावर."

तय्यबा ऑगस्टमध्ये पडली. उतारावरून सुसाट आली आणि रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर मला आपटलं. माझे दोन्ही पाय मागे वळले, चाक फ्रेमला घासायला लागलं. तिची हनुवटी फुटली. टाके घातले. घरी रजियाने सांगितलं, "न्हाणीत घसरली." चाचांनी न्हाणीतले दगड घासून घ्यायला सांगितलं. ती बिचारी न्हाणी उगाच घासली गेली.

मग रजिया सायकल घेऊन लडकूच्या टपरीवर गेली. लडकू सायकलमिस्त्री. त्याने मला उलटंसुलटं पाहिलं.

"भाबी, ह्याला मी सरळ करीन. पण एकदा वाकला तो वाकला. पोरीच्या सायकलीला नको."

"मग दुसरा घाल. चंदेरी रंग दे, म्हणजे कळणार नाही. आणि लडकूभाऊ, आमच्या अब्बांना..."

"मी कशाला सांगतोय? लडकूच्या तोंडाला कुलूप हाय."

"बघ हां. बोललास तर तय्यबाची सायकल गेली."

"नाय बोलणार, भाबी. आईची आन."

त्याने माझ्या जागी साधा चिमटा बसवला. चाचांची नजर अधू होती, त्यांना कळलं नाही. मी लडकूच्या भंगाराच्या खोक्यात पडलो.

तिथून मला जैतूने उचललं. जैतू पळसदरीच्या वरच्या वाडीतला. दरवर्षी दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा, पोरगी ठकीही बरोबर. पण त्या वर्षी ठकी चौथी पास झाली होती. पाचवीची शाळा कर्जतला. ती म्हाताऱ्या आजीजवळ राहायला तयार होती. प्रश्न होता तो वाटेचा. जैतूने लडकूची टपरी नव्या पेंढ्याने शाकारून दिली. बदल्यात लडकूने त्याला एक छोटी देशी फ्रेम दिली, दोन जुनी चाकं दिली, आणि मला सरळ करून पुढे बसवलं. माझी मान त्या फ्रेमच्या नळीपेक्षा बोटभर लांब होती, म्हणून वर दोन वायसर घातले.

त्या वायसरांची मला लाज वाटली. ठकीला नाही वाटली. ती रोज सकाळी शाळेत जाताना मला फडक्याने पुसायची. "बा, ही इमानासारखी पळतीय रं!" जैतू म्हणायचा, "पळू दे, पर उतरणीला पाय टेक." ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. कारण मी कुणाला तरी कुठेतरी पोचवत होतो.

दिवाळीच्या आधी चाचांचं कुटुंब खालापूरला लग्नाला गेलं. परत आले तेव्हा ओसरीवरची सायकल नव्हती. ती आजतागायत सापडली नाही. चाचांनी चौकीत तक्रार नोंदवली. सायकल घरी आली तेव्हा जशी होती तसंच वर्णन त्यांनी दिलं: परदेशी, सरळ पायांचा चकचकीत चिमटा, आतून लाल ठिपका. रजिया शेजारी उभी होती. चिमटा बदललाय हे तिने सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, एवढ्याने काय बिघडतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी जैतू मला घेऊन कर्जतला आला. हवालदाराने मला पाहिलं. अख्ख्या तालुक्यात तसा चिमटा एकच.

चौकीत मला टेबलापाशी उभं केलं. जैतू जमिनीवर बसला होता. चाचा आले, मागून रजिया. हवालदाराने तक्रार वाचून दाखवली, तेव्हाच मला हा सगळा प्रकार कळला.

चाचा वाकले. बोटाने चाचपून त्यांनी ठिपका शोधला. "हाच! बघा हवालदारसाहेब, हा रंग आमच्या सुनेनं लावलाय. माझ्या चष्म्याच्या घरावरपण लावते ती."

"सायब, मी लडकूमिस्त्रीकडनं घेतलाय," जैतू म्हणाला. "त्याची टपरी शाकारली, त्याच्या बदल्यात."

"पावती?"

"शाकारणीची कसली पावती, सायब?"

हवालदार हसला. लडकूला बोलावलं. तो आला, माझ्याकडे बघितलं, आणि मग रजियाकडे. त्याने आईची आन घेतली होती. तो वाट बघत होता की ती बोलेल, म्हणजे आपल्याला बोलता येईल. आणि ती त्याच्याकडे बघत होती, की हा सांगून टाकेल तर बरं, माझ्या तोंडून नको.

"लई लोकं येतात, सायब," लडकू शेवटी म्हणाला. "सगळंच ध्यानात राहत नाय."

जैतूने त्याच्याकडे पाहिलं. "लडकूदादा, तुज्या टपरीवर बसलो होतो मी दोन दिस. खालनं इचारलंस, चा घेतोस का?"



"बाई, तुम्ही सांगा," हवालदार म्हणाला. "ओळखता?"

रजियाने माझ्याकडे पाहिलं. ती मला ओळखत होती, आणि मी तिला. तय्यबाची फुटलेली हनुवटी, न्हाणीची थाप, माळ्यावर जाणारी सायकल, सगळं तिच्या चेहऱ्यावर एका क्षणात येऊन गेलं.

"चिमटा आमचाच आहे," ती म्हणाली.

खरं होतं ते. शब्द न् शब्द खरा. त्यापुढे एक 'पण' यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली. तिने ओढणी सारखी केली आणि ती एक पाऊल मागे सरकली. फ्रेमकडे कुणी पाहिलंच नाही. वायसर कुणाला दिसले नाहीत. चिमटा ओळखला म्हणजे सायकल ओळखली, आणि सायकल ओळखली म्हणजे माणूस ओळखला, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

जैतूला दोन दिवस ठेवून घेतलं. मला चाचांच्या ओसरीवर नेलं.

तय्यबाने नेहमीसारखी सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि ती थांबली. "अम्मी, ही आपली नाही गं. आपल्या फ्रेमला खाली पायडलपाशी नंबर ठोकलेला होता. इथे काहीच नाही. आणि हा चिमटा तर आपण लडकूकाकांकडे टाकलेला ना? मी पडले तेव्हा?"

रजियाने तिच्या तोंडावर हात ठेवला. आत चाचा बसले होते. बराच वेळ तो हात तसाच होता. मग रजियाने तो काढला आणि त्याच हाताकडे बघत बसली.

त्यानंतर तिने आठ दिवस घालवले. सोमवारी पाहुणे होते. मंगळवारी चाचांचं डोकं दुखत होतं. बुधवारी तिने ठरवलं की जैतूला सोडलंय म्हणजे झालंच की. गुरुवारी तिला ते पटलं नाही. दुसऱ्याला कारणं सांगताना माणूस अडखळतो. स्वतःला सांगताना किती सफाईने सांगतो, हे मी ओसरीवरून ऐकत होतो.

शेवटी तिने चाचांना सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या.

चाचांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला घाबरून?"

"पोरीची सायकल गेली असती, अब्बा."

"मी सायकल माळ्यावर टाकली असती, बेटा. तू माणूस टाकलास." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मीपण हात लावून ओळख पटवली. मला दिसत तरी होतं का?"

मला घेऊन दोघं चौकीत गेले. हवालदार कंटाळला. "तुमचीच म्हणालात ना, बाई? आता कुणाची?" रजियाने अडून बसून लेखी घेतलं की सायकल जैतूची आहे. शिक्का मारून घेतला. मग चाचा आणि ती मला ढकलत पळसदरीच्या वाडीवर निघाले.

वाडीच्या तोंडाशी टेंपो उभा होता. भट्टीवर जाणारी माणसं बोचकी चढवत होती. जैतू, त्याची बायको, ठकी. ठकीच्या दप्तरात पुस्तकं नव्हती. पळ्या आणि तवा होता.

रजियाने कागद पुढे केला. जैतूने तो हातात घेतला, उलटा सुलटा केला.

"काय लिवलंय?"

"सायकल तुमची आहे असं."

"मी चोर नाय, असं लिवलंय का?"

रजियाने कागद पुन्हा वाचला. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"पोरीला आमच्याकडे ठेव," चाचा म्हणाले. "आमच्या तय्यबाबरोबर शाळेत जाईल. माझ्या नातीसारखी ठेवीन."

"चाचा, ज्या घरची सायकल चोरली म्हणून मला चौकीत बसवला, त्याच घरात पोर ठिवू? उद्या वाटी हारवली तर?" जैतूच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आनि भट्टीवाल्याकडनं हिच्या नावची उचल घेतलीय मी. सायकल न्हवती, शाळा न्हवती. मग हितं ठेवून काय करू?"

मग तो रजियाकडे वळला. "बाय, येक इचारू? तवा का गप राहिलीस?"

"माझ्या पोरीची..." रजिया म्हणाली, आणि तिची नजर ठकीवर गेली. वाक्य तिथेच राहिलं.

ठकी माझ्यापाशी आली. एक पायडल हाताने उलटं फिरवलं. टेंपोवाल्याने हॉर्न दिला. ती चढली.

आजीने, विठाबाईने, मला घरात नेलं. तेव्हापासून मी कुडाच्या भिंतीला खुंटीवर आहे. कागद पत्र्याच्या डबीत. भट्टीवरून ही माणसं दर उन्हाळ्यात परत येतात. रजिया दोनदा आली होती. पहिल्यांदा पाचवीची पुस्तकं घेऊन, दुसऱ्यांदा नुसतीच. विठाबाईने तिला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली. ती पाणी पिऊन उठली.

ठकी आता माझ्यावर मावत नाही. गेल्या उन्हाळ्यात ती बापाला म्हणाली, "बा, इकून टाक की ही."

"कुनाला? घेणारा इचारील, कुठनं आणली."

"कागद हाय की आपल्याकडं."

"कागद वाचायला मानूस आधी थांबावा लागतो गं," जैतू म्हणाला आणि विडी शिलगावली.

माझ्या पायांना आता गंज चढलाय. पुन्हा धावायची आशा नाही, आणि तक्रारही नाही. धावलो असतो तरी कुणीतरी मला ओळखलंच असतं. एक विनंती मात्र आहे. कधी पळसदरीच्या वाडीवर आलात आणि ह्या कुडाच्या घरात परदेशी चिमट्याची सायकल दिसली, तर माझ्याकडे बोट दाखवण्याआधी दारात बसलेल्या माणसाजवळ बसा. त्याला विचारा. तो सगळं सांगेल. त्याला कुणी विचारलं नाही, एवढंच झालंय.