आधी गाडी, मग हद्द

आम्रपालीकडे ते काम आलं, कारण अग्निशमन दलाच्या त्या कचेरीत वकिलीची परीक्षा पास झालेली ती एकटीच होती. रंगराव साहेबांनी जुन्या नियमांची पिवळी पडलेली प्रत तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही कायदा शिकलात आणि मराठीही वाचण्यासारखं लिहिता. दोन्ही गोष्टी एका माणसात सहसा सापडत नाहीत. सापडल्यात, तेव्हा भोगा आता."

नियम चांगलेच जुने होते. पुणं कात्रजच्या कितीतरी अलीकडे संपायचं आणि आग म्हटलं की शनिवार पेठेतला एखादा माळा नाहीतर लाकडाची वखार डोळ्यांपुढे यायची, त्या काळात कुणीतरी ते मन लावून लिहिले होते. अरुंद बोळातून शिडी कशी न्यावी यावर त्यांत अख्खं प्रकरण होतं. टेकडी, गवत, वणवा हे शब्द मात्र आम्रपालीला शोधूनही सापडले नाहीत. आणि आता आसपासची गावं शहरात आली होती, ती येताना आपापले डोंगर घेऊनच आली होती.

वाघजाईवाडी हे कात्रजपलीकडचं तसलंच एक गाव. संगणक कंपन्यांचे पगार सुरू झाले आणि गावाच्या शेतांवर सहा-सहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. आदल्या उन्हाळ्यात तिथला डोंगर पेटला. सोसायटीतल्या लोकांनी फोन केले, पण डोंगराचा माथा वनखात्याचा, मधला उतार गावाचं गायरान आणि पायथा शहराचा. ज्याला फोन लागला त्याने आपल्या नियमाप्रमाणे अदबीने दुसऱ्याचा नंबर दिला. हद्दीचा घोळ मिटेपर्यंत आग पार्किंगपर्यंत आली आणि चार स्कूटर जाळून आपली आपणच विझली. माणसं वाचली. पण वर्तमानपत्रात फोटो आला आणि वरून हुकूम सुटला की नियम बदला, डोंगरासाठी आराखडा करा.

आम्रपालीने आठवडाभर खपून मसुदा केला. डोंगरावर कोणत्याही कारणाने, कोणत्याही ऋतूत, कोणीही आग लावू नये. लावल्यास दंड, पुन्हा लावल्यास कैद. वाचताना तिचं तिलाच भारी वाटलं. येरवड्याच्या घरी जेवणं झाल्यावर तिने तो नवऱ्याला, बुद्धभूषणला, वाचून दाखवला. तो बँकेत होता आणि त्याला शांतपणे ऐकायची सवय होती.

"छान आहे," तो म्हणाला. "आता डोंगराला वाचता यायला लागलं की झालं."

ती रागावली, पण रात्री तिला झोप जरा कमीच लागली.

सुनावणी वाघजाईवाडीच्या शाळेत रविवारी सकाळी ठेवली होती. आम्रपाली पोचली तेव्हा वर्गाचे दोन भाग झालेले होते. खिडकीच्या बाजूला सोसायटीची माणसं, भिंतीच्या बाजूला गाव. सोसायटीची सेक्रेटरी शेफाली लॅपटॉप घेऊन पुढेच बसली होती. गावाकडून सोजरबाई बोलणार होत्या. त्यांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि आवाज सहाही म्हशींना पुरेल असा होता. आम्रपालीला एवढंच ठाऊक नव्हतं की शेफाली ही सोजरबाईंची सख्खी सून. मुलगा पृथ्वीराज दाराजवळ, दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये उभा होता आणि मोबाइलकडे बघत होता.

"मॅडम, टोटल बॅन पाहिजे," शेफालीने सुरुवात केली. "दर वर्षी हे लोक गवत पेटवतात. का, तर नवीन गवत चांगलं येतं म्हणे. आमच्या मुलांना धुराने खोकला होतो, त्याचं काय?"

"हे लोक?" सोजरबाई म्हणाल्या. "काल ह्या लोकांच्या घरनंच खरवस गेलाय की तुझ्याकडं!"

वर्ग हसला. शेफालीही हसली असती, पण ती सेक्रेटरी होती.

"आई, इथे घरचं नको. मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच बोलते. बाई," त्या आम्रपालीकडे वळल्या, "आग न्हाई लावायची म्हंता, न्हाई लावत. पर गवत हुबं ऱ्हानार. वाळनार. मग घाटातनं जाताना कुनी बिडी टाकली की समदा डोंगर एकदम जानार. त्याला कुठला कायदा लावनार तुमी?"

"पण तुम्ही लावता ती आगही दर वर्षी हाताबाहेर जातेच ना?" आम्रपालीने विचारलं.

सोजरबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांचा दीर संपत मागून उठला. "खरं हाय मॅडम. पयलं, दिवाळी झाली की आमी समदी मिळून डोंगराच्या कडंनं पट्टा जाळायचो. गवत अर्धं हिरवं असायचं, आग पळायची न्हाई. आता मानसंच कुठं हायती? कुनी कंपनीत, कुनी रिक्षावर. मग फाल्गुनात सवड मिळंल तवा एकटादुकटा जातो आन काडी टाकून येतो. तवा वारं बी सुटलेलं असतं."

आम्रपालीच्या डोक्यात काहीतरी हललं. आठवड्यापूर्वीच वनखात्याच्या पुस्तकात तिने जाळरेषा हा शब्द वाचला होता. डोंगराच्या कडेने आधीच जाळून काढलेला रिकामा पट्टा, वणवा तिथे आला की त्याला खायला काही उरू नये म्हणून. वाचून ती पुढे गेली होती. आपल्या मसुद्यात तो पट्टाही गुन्हाच ठरतो, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

"समजा," ती सावकाश म्हणाली, "गाव आणि सोसायटी मिळून हा पट्टा वेळेवर काढला तर? आमचा बंब खाली उभा राहील."

"आम्ही?" शेफाली म्हणाली. "आम्ही आयटीवाले?"

"कोयता धरता येतो का न्हाई, ते बगू की," सोजरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आज पहिल्यांदाच मजा उतरली होती.

सोमवारी कचेरीत रंगराव साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "म्हणजे नियम करायच्या आधी ते करून बघायचं? ही पद्धत आपल्याकडे नवीन आहे. बघा, अंगवळणी पडायची." पण परवानगी दिली. वनखात्याचीही मिळवून दिली.

डिसेंबरातल्या एका रविवारी, दव सुकल्यावर, सगळे डोंगरावर चढले. दोन्ही कडांचं गवत कापून मधला पट्टा जाळायला उभा ठेवायचा होता. गावच्या बायका भराभर कापत पुढे जायच्या आणि सोसायटीची माणसं वाकून वाकून कंबर धरायची. शेफालीने पायांत धावायचे पांढरे बूट घातले होते. ते दहा मिनिटांत पांढरे राहिले नाहीत. मग संपतने पट्ट्याला काडी लावली. आग शहाण्यासारखी हळूहळू सरकू लागली. दोन्ही बाजूंनी लोक ओली गोणपाटं घेऊन तिच्याबरोबर चालले होते. खाली बंबाजवळ धोंडिबा मामा, दलातले सर्वांत जुने जवान, वायरलेस घेऊन बसले होते.

एवढ्यात वायरलेस बोलू लागला.

"कंट्रोल बोलतोय. वाघजाईवाडीच्या डोंगराला आग लागल्याची वर्दी आहे. गाडी ताबडतोब रवाना करा."

"गाडी जागेवरच आहे," धोंडिबा मामा म्हणाले.

"जागेवर आहे तर आग विझवली का नाही?"

"आम्हीच लावलीय."

मग कंट्रोलने जपून विचारलं, "मामा, तब्येत बरी आहे ना?"

कंट्रोलला रविवारच्या कामाची कल्पना द्यायची राहूनच गेली होती. पलीकडच्या इमारतीतल्या कुणा जागरूक गृहस्थांनी गच्चीवरून सगळं पाहिलं होतं आणि डोंगर पेटवणाऱ्या टोळीत अग्निशमन दलाचा बंबही सामील आहे, असं फोन करून कळवलं होतं. त्यांनी पोलिसांनाही कळवलं असणार, कारण पाठोपाठ जीप आली. हवालदार धापा टाकत वर चढले.

"कुणी लावली आग?"

"मी," संपत म्हणाला.

"माझ्या सांगण्यावरून," आम्रपाली म्हणाली.

"आपण कोण?"

"आग लावण्यावर बंदी घालण्याचा नियम मी लिहितेय."

हवालदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांना हे सगळं नीट समजावून सांगायला वेळ लागला, आणि सांगता सांगता आम्रपालीलाच हसू आवरेना. तिचा मसुदा आजच लागू असता, तर ह्या डोंगरावरची पहिली आरोपी तीच होती, दुसरा संपत, आणि मुद्देमाल म्हणून बंब जप्त करावा लागला असता.

"बाई, सोताच्याच कायद्यात अडकला की वं!" सोजरबाई पोट धरून हसत होत्या. शेफाली तर गोणपाटावरच बसली होती, आणि सासूच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसत होती. शेवटी हवालदारांनीही पिठलं-भाकरी खाल्ली आणि पट्टा पुरता विझेपर्यंत थांबले.

त्याच आठवड्यात आम्रपालीने मसुदा पुन्हा लिहायला घेतला. सरसकट बंदी गेली. तिच्या जागी जाळरेषा आली. ती कधी काढायची, कुणी काढायची, वाऱ्याचा जोर किती असेल तर हात लावायचा नाही, आणि आसपासच्या इमारतींना, कंट्रोलला, पोलिसांना आधी कसं कळवायचं, हे सगळं आलं. आणि एक कलम तिने अगदी साध्या शब्दांत घातलं, की डोंगरावरच्या आगीची वर्दी ज्याला मिळेल त्याने आधी गाडी सोडावी, हद्द कुणाची ते मग ठरवावं.

मसुदा मंजुरीला गेला आणि मंजुरीच्या ठिकाणी जाऊन बसला.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी रंगराव साहेब मोठ्या बैठकीला गेले असताना कंट्रोलमधला मुलगा आम्रपालीच्या टेबलाशी आला. "मॅडम, वाघजाईवाडी. घाटाच्या अंगाने डोंगर पेटलाय. जुन्या नियमाने आग वनखात्याच्या हद्दीत आहे. काय सांगू?"

जवळच्या केंद्रावर दोनच गाड्या होत्या. एक डोंगराला गेली आणि तेवढ्यात शहरात कुठे सिलिंडर फुटला तर? कलम तिनेच लिहिलं होतं, पण अजून ते नुसतं कागदावर होतं. तिला शाळेचा वर्ग आठवला, ते धापा टाकणारे हवालदार आठवले, आणि पांढरे बूटही आठवले.

"एक गाडी सोडा, एक ठेवा," ती म्हणाली. "वनखात्याला मी फोन करते. आणि मीही जातेय."

ती पोचली तेव्हा वारा तापला होता आणि डोंगराच्या वरच्या अंगाने धूर लोळत खाली येत होता. पट्ट्याच्या अलीकडे माणसांची रांग लागलेली होती. निरगुडीचे डहाळे घेऊन गाव उभं होतं, बादल्या आणि ओली पोती घेऊन सोसायटी. वनखात्याचे रक्षकही पोचत होते. आग पट्ट्यापाशी आली, काळ्या मातीवर घुटमळली, इकडेतिकडे वाट शोधत फिरली आणि खाली बसू लागली.

एका मोठ्या खडकापाशी मात्र पट्टा अरुंद राहिला होता. डिसेंबरात तिथे पोचेपर्यंत सगळे दमले होते आणि इथे खडकच आहे, एवढं पुरे, असं म्हणून पुढे गेले होते. आगीने तीच जागा हेरली. ठिणग्या अलीकडे पडल्या आणि गवताने पेट घेतला.

"आई, इकडं!" शेफाली ओरडली आणि डहाळा घेऊन धावली. मागून सोजरबाई, संपत, पृथ्वीराज, पाठोपाठ आणखी कितीजण. आम्रपालीही कधी त्यांच्यात घुसली तिला कळलं नाही. धोंडिबा मामांनी बंबाचा पाइप जिथवर पोचेल तिथवर ओढत आणला. धूर, शिव्या, खोकला, पाण्याचा फवारा. आणि मग एकदम शांत झालं.

सोसायटीने श्रावणात लावलेली रोपं पट्ट्याच्या पलीकडे होती, ती सगळी गेली. शेफालीने त्यांना घरून बाटल्यांनी पाणी आणून घातलं होतं. काजळलेल्या तोंडाने ती तिथेच बसून रडायला लागली. सोजरबाई शेजारी बसल्या.

"पुढल्या साली पट्ट्याच्या अलीकडं लावू. मी खड्डे घेईन, तू रोपं आन. रडू नगंस, काळं तोंड आनखी काळं दिसतंय."

गावाला आणि इमारतींना झळ लागली नव्हती. शहरातही त्या दुपारी काही फुटलं नाही. पण फुटलं असतं तर, हा विचार आम्रपालीच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

संध्याकाळी रंगराव साहेबांनी तिला बोलावलं. "मंजूर न झालेल्या नियमाप्रमाणे आपण गाडी पाठवलीत. खुलासा द्यावा लागेल. मीच मागणार, मीच स्वीकारणार, पण द्यावा लागेल." मग चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "मीही तेच केलं असतं. फक्त इतक्या लवकर ठरवलं असतं की नाही, ते सांगता येत नाही."

महिन्याभराने अंतिम बैठक झाली. जाळरेषेवर कुणी हरकत घेतली नाही. वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी तर खडकापाशीसुद्धा रुंदी पुरती ठेवावी, अशी सूचना करून ती लिहूनच घेतली. पण गाडीच्या कलमापाशी एक ज्येष्ठ अधिकारी अडले.

"हे फार साधं वाटतं. 'संबंधित यंत्रणांशी यथोचित समन्वय साधून आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी' असं करू या."

"साहेब," आम्रपाली म्हणाली, "आपण हे वाक्य फोनवर वाचून दाखवेपर्यंत आग गायरान ओलांडून जाईल."

रंगराव साहेबांनी खोकल्यासारखं केलं, वनखात्याचे अधिकारी उघडच हसले, आणि ज्येष्ठांनीही पेन खाली ठेवलं. "वाक्य साधंच राहू दे," ते म्हणाले, "मात्र केंद्रावर एक गाडी कायम राखीव राहील, हे त्यात घाला."

ते आम्रपालीला स्वतःलाच सुचायला हवं होतं. तिने तिथल्या तिथे ते घातलं, आणि कलम आधीपेक्षा चांगलं झालं, हे मनातल्या मनात कबूल केलं.

त्या दिवाळीनंतरच्या जाळरेषेला बुद्धभूषणही आला होता. आदल्या दिवशी सगळ्या इमारतींत पत्रकं वाटली गेली होती, कंट्रोलला कळवलं होतं, हवालदार तर आमंत्रण नसतानाच भाकरीच्या वेळेला आले. सोजरबाईंनी सुनेच्या ओढणीचं टोक कमरेला घट्ट खोचून दिलं आणि काडेपेटी तिच्याच हातात ठेवली. शेफालीने तीन काड्या वाऱ्यात वाया घालवल्या. चौथीच्या वेळी सासूने दोन्ही तळहातांचा आडोसा धरला, आणि गवताने धूर धरला.