झुंबरबाईच्या बारा डब्या

सावळाराम टोमॅटोच्या झाडांना सुतळी बांधत होता, तेव्हा लंकाबाईचा फोन आला. लंकाबाई म्हणजे अंगणवाडीतली मदतनीस. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, बाई खाली बसल्यात, उठंनात." सावळारामने सुतळी तिथंच टाकली आणि बांधावरून पळत सुटला. अंगणवाडी त्याच्या घराला लागूनच होती, मधे फक्त एक शेवग्याचं झाड. आत शिरला तर त्याची बायको झुंबर, तिथली सेविका, भिंतीला पाठ लावून बसलेली. पुढ्यात सतरंजी, सतरंजीवर तिच्या डब्या ओळीनं मांडलेल्या, एक डबी हातात तशीच. पोरं गप्प होती. बाई झोपल्यात असं लंकाबाईनं त्यांना सांगितलं होतं. वस्तीतल्या हनीफची पोरगी इफरा, साडेचार वर्षांची, तेवढी पुढं सरकली होती. तिनं बाईच्या हातातली डबी हळूच काढून घेतली होती आणि ती कानाशी धरून हलवत होती.

मंचरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्टचा झटका होता. आधी दोन-तीन दिवस काही त्रास होत होता का?

होत होता. रविवारपासून झुंबरचा डावा हात भरून येत होता. हंडा उचलला तरी दम लागायचा. सोमवारी तिनं सुपरवायझर मॅडमला रजेसाठी फोन लावला. दोन्ही हात पिठात होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. सावळाराम शेजारीच भाकरी खात बसला होता.

"बुधवारी तालुक्याचे लोक तुमचं साहित्य बघायला येणारेत," वृषाली मॅडम म्हणाली. "गुरुवारी दाखवा ना डॉक्टरला. दोन दिवसांत काय मरताय का?"

"न्हाई मॅडम," झुंबर म्हणाली. वर हसलीसुद्धा.

सावळाराम म्हणाला होता, चल, आत्ता गाडी काढतो. ती म्हणाली, "अवं, बुधवार होऊ द्या." त्यानं गाडी काढली नाही. ही गोष्ट त्यानं पुढं कुणालाच सांगितली नाही.

बुधवारी ती गेली. तिसऱ्या दिवशी सावडून माणसं घरी आली, तोच वृषाली मॅडम आली. सतरंजीवर दोन मिनिटं बसली. वाईट झालं म्हणाली. मग म्हणाली, "काका, बाईंकडं सरकारी मोबाईल होता. तो जमा करावा लागेल. आणि रजिस्टरं पण."

मोबाईल देवळीत होता. सावळाराम म्हणाला, "त्यात तिचं फोटू हायेत पोरांबरं. तेवढं काढून घ्यू द्या."

"ते सगळं ऑफिसचं असतं हो, काका."

मोबाईल पर्समध्ये टाकून ती उठली. पाव्हण्यांपैकी कुणीतरी तिला चहा पुढं केला, तो तिनं घेतलाही. सावळाराम त्या कपाकडं बघत राहिला. त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं की या बाईला सोडायचं नाही. कसं ते ठरलं नव्हतं.

आता डब्यांचं सांगायला पाहिजे.

निरगुडसरच्या पुढं, ओढ्यापल्याड ही वस्ती. तीसेक घरं. अंगणवाडीला सरकारी खेळणी यायची ती महिन्यात मोडायची, नाहीतर तपासणीला लागतील म्हणून कपाटात कुलपात राहायची. झुंबरला ते पटायचं नाही. पोराच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. दाणे काढलेल्या कणसांची बुरकुंडं, करवंट्यांचा तराजू, चिखलाचे गोळे, एका फळीवर खरखरीत पोतं आणि दुसरीवर गुळगुळीत रेक्झिन, असलं सगळं ती जमवायची. ठोकाठोकी सावळाराम करायचा.

एकदा ती वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या मागं लागली. तंबाखू-चुन्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्या तिला हव्या होत्या.

सोमाजी म्हातारा तर ओरडलाच. "बाई, बायकू मागा, पर डबी मागू नका!"

"बायकू घिऊन पोरांना काय शिकवू, बाबा? डबी द्या. तंबाखू बी सुटंल तुमची."

अकरा डब्या जमल्या. बारावी सावळारामची. ती तिनं त्याच्या खिशातनं काढली आणि त्याची तंबाखू खरंच सुटली.

बारा डब्या म्हणजे सहा जोड्या. एका जोडीत ज्वारी, एकीत हरभरे, मग चिंचोके, ओढ्याची वाळू, गारगोटीचे खडे. सहावीत काय, ते तिनं सावळारामला कधी सांगितलं नाही. तोंडं काळ्या चिकटपट्टीनं बंद. डोळे बांधून पोरानं डबी कानाशी हलवायची आणि तसाच आवाज करणारी दुसरी शोधायची. बुडाला झुंबरनं नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. एका ठिपक्याच्या दोन, दोन ठिपक्यांच्या दोन, असं सहापर्यंत. जोडी लावली की पोरानं फडकं काढायचं, डब्या उलट्या करून ठिपके बघायचे. जुळले तर बरोबर.

"पोराला चुकलास म्हणून आपून सांगायचं न्हाई," ती सावळारामला सांगायची. "डबीनं सांगायचं. डबीचा राग येत न्हाई कुणाला."

इफरा बाराच्या बारा बिनचूक लावायची. कधी कधी ठिपके बघायचीसुद्धा नाही.

झुंबर जाऊन तीन महिने झाले. नवी सेविका अजून नेमली नव्हती, लंकाबाईच कशीबशी पोरं सांभाळत होती. एक दिवस ती सावळारामकडं आली आणि फोन पुढं केला. फोनवरच्या व्हिडिओत वृषाली मॅडम होती. सतरंजीवर बसून, हातात डबी घेऊन बोलत होती. "माझ्या कल्पनेतून साकारलेला हा श्रवण-उपक्रम..." झुंबरचं नाव नव्हतं. म्हाताऱ्यांचंही नव्हतं.

"सोमवारी पुण्याचं सायेब येणारेत बघाय," लंकाबाई म्हणाली. "जिल्ह्याचं बक्षीस मॅडमला मिळणार म्हंत्यात."

सावळारामने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. तिसऱ्यांदा बघताना त्याला ते दिसलं. मॅडम डोळे मिटून जोडी लावत होती, पण तिचं बोट डबीच्या बुडाखाली फिरत होतं. ती ठिपके चाचपत होती. आवाज ऐकतच नव्हती.

तो बऱ्याच दिवसांनी हसला. लंकाबाई घाबरलीच जरा.

अंगणवाडीची किल्ली पहिल्यापासून सावळारामच्या घरी खुंटीला असायची. रविवारी दुपारी त्यानं कुलूप काढलं, सतरंजी अंथरली आणि डब्या पुढ्यात घेतल्या. काम सोपं होतं. प्रत्येक जोडीतली एक डबी फोडायची आणि तिच्यातलं पुढच्या जोडीच्या एका डबीत घालायचं. ठिपके तसेच राहू द्यायचे. वर नवी चिकटपट्टी. एका ठिपक्याच्या दोन डब्या आता वेगवेगळं बोलणार होत्या. सगळ्याच तशा.

सहा ठिपक्यांची डबी उघडली तर आत बटणं निघाली. पांढरी, चार भोकांची, त्याच्याच जुन्या सदऱ्यांची. सदऱ्याची बटणं कोण तोडतं म्हणून तो एकदा घरात ओरडला होता. तेव्हा झुंबर म्हणाली होती, उंदीर असंल. त्यानं बटणं हातात घेतली आणि एका ठिपक्याच्या डबीत ओतली. वरून चिकटपट्टी दाबून बसवली. 

सोमवारी साहेब आले. गावकरी म्हणून चार माणसं भिंतीकडेला बसवली होती, त्यात सोमाजी होता. सावळाराम दाराशी उभा राहिला. वृषाली मॅडम नवी साडी नेसून आली होती. एका पोराच्या बापाला तिनं मोबाईलवर शूटिंग घ्यायला लावलं होतं.

"आधी आमची इफरा दाखवेल," मॅडम म्हणाली.

सावळारामच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मॅडम स्वतःच मिरवणार, असं तो धरून चालला होता.

लंकाबाईनं इफराच्या डोळ्यांना ओढणी बांधली. पोरीनं एक डबी उचलली, उजव्या कानाशी दोनदा हलवली. मग दुसरी, तिसरी. चौथीला थांबली. हसली. बरोबर होतं तिचं, सावळारामला दारातूनही कळलं. दोन्हीत चिंचोके होते. तिनं ओढणी वर सरकवली, डब्या उलट्या केल्या. एकीला तीन ठिपके, दुसरीला चार.

तिनं दोन्ही डब्या परत ठेवल्या. पुन्हा ओढणी, पुन्हा कान. पुन्हा जोडी. पाच ठिपके आणि सहा. तिसऱ्यांदा तिनं डबी कानाशी नेलीच नाही, नुसती मांडीवर धरून बसली. खालचा ओठ बाहेर आला होता.

"असू दे बाळा," मॅडम घाईनं म्हणाली. "साहेब, मी दाखवते."

तिनं डोळे मिटले. बोट बुडाखाली फिरलं. दोन डब्या तिनं झटक्यात उचलल्या आणि साहेबांच्या हातात दिल्या. "ऐका सर. अगदी एकसारखा नाद."

साहेबांनी एक हलवली. वाळूची सळसळ. दुसरी हलवली. गारगोटीचे खडे खडखडले.

"एक कीर्तनाला बसलीया अन् दुसरी भांडाया उठलीया!" सोमाजी म्हणाला, आणि सगळी खोली हसली. शूटिंग घेणारा हसला, साहेबांचा ड्रायव्हर खिडकीतून हसला. मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं दुसरी जोडी उचलली, तीही तशीच निघाली.

सावळारामला ते डोळे भरून बघावंसं वाटलं. त्या तिसऱ्या दिवशीचा चहाचा कप त्याला आठवला. पी आता, असं तो मनात म्हणाला.

मग मॅडमनं पदर सावरला. "सर, चूक माझी नाही. या डब्या आधीच्या सेविकेनं भरल्यात. शिक्षण कमी होतं त्यांचं, अंदाजानं भरल्या असतील. त्या गेल्यानंतर मी तपासायला हव्या होत्या, तेवढं राहिलं."

साहेबांनी मान हलवली आणि शेरेबुकात लिहायला घेतलं. लिहिताना तोंडानं म्हणत होते, "साहित्य सदोष. आधीच्या सेविकेने काळजीपूर्वक तयार केलेले नाही."

इफरा एकदम म्हणाली, "झुंबरबाईची डबी चुकत नाय. मीच चुकले."

खोलीत कुणी हसलं नाही. पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

सावळाराम दार सोडून आत आला. "सायेब, ते खोडा. तिनं बरोबर भरल्या व्हत्या. काल मी बदलल्या."

"तुम्ही कोण?"

"तिचा नवरा."

"पण का?"

तीन महिने तो मनात हे घोकत होता. सोमवारचा फोन, स्पीकर, डावा हात, दोन दिवसांत काय मरताय का. तोंडातून निघालं ते सगळं मागंपुढं निघालं. मधेच टोमॅटोचं निघालं, मधेच चहाचं. साहेब ऐकत होते, पण त्यांचे डोळे डब्यांवर होते. स्वतः डब्या फोडणाऱ्या माणसाचं बोलणं किती खरं धरायचं, असं ते बघणं होतं.

वृषाली मॅडम उठली. तिचे डोळे खरंच भरले होते की काय, कोण जाणे. तिनं सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचं दुःख मला समजतं. माझा काही राग नाही तुमच्यावर."

शूटिंग चालूच होतं.

सावळारामने तिचा हात झटकला. तेही शूटिंगमध्ये आलं.

"यांना पाणी द्या कुणीतरी," साहेब म्हणाले. पहिली ओळ त्यांनी खोडली नाही. खाली दुसरी लिहिली: बाहेरील व्यक्तीचा हस्तक्षेप, किल्ली केंद्राबाहेर ठेवू नये. गाडी धूळ उडवत निघून गेली. लंकाबाईनं संध्याकाळी किल्ली नेली. 

शनिवारी पोरं गेल्यावर तिनंच डब्या शेवग्याखाली आणून दिल्या. सावळारामने त्या पुन्हा भरल्या. चिंचोके चिंचोक्यांत, वाळू वाळूत. बटणं मोजून सारखी केली. मग हनीफच्या घरी गेला. इफरा ओट्यावर बसली होती.

"पोरी, तुझं कान बरोबर व्हतं," तो म्हणाला. "मी डब्या बिघडवल्या व्हत्या. आता नीट केल्यात. बघ हलवून."

"मग डबी खोटं का बोलली?"

"मी बोलाय लावलं तिला."

इफरानं डबी घेतली. उलटी करून ठिपके बघितले, दुसरीचे बघितले, आणि ठिपक्यांवरून जोडी लावून त्याच्यापुढं ठेवली. एकदाही हलवली नाही.

वृषाली मॅडमला बक्षीस मिळालं नाही. पण तो व्हिडिओ फिरला, खांद्यावर हात ठेवलेला भाग तेवढा, आणि लोक म्हणतात, मॅडम मोठ्या मनाची. महिन्यातून एकदा तिची गाडी वस्तीत येते. ती आली की सावळाराम बांधावर उभा राहून बघतो, आणि ती जाईपर्यंत हलत नाही. ती हात वर करते. तो करत नाही.

शेरेबुकातली ती ओळ अजून खोडलेली नाही. सरकारी मोबाईलमधले फोटो मिळालेले नाहीत. इफरा अजून डबी कानाशी नेत नाही. आणि त्या सोमवारच्या फोनची किंमत वृषाली मॅडमनं अजून मोजलेली नाही.