मामांची चार धोतरं

माझा पगार बंद झाला त्या दिवशी मी रडले नाही. दुकानात जाऊन एक वही आणली.

नळदुर्गच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी पाच वर्षं नोकरी केली. सातवा महिना लागला तसा डॉक्टरीणबाईंनी रोजचा एसटीचा प्रवास बंद करायला सांगितला. लॅबच्या मालकांनी "बाळ झाल्यावर बघू" म्हणून हात वर केले. महिन्याचे नऊ हजार गेले. उरले आमच्या ह्यांचे चौदा हजार. हे, म्हणजे उमाशंकर, तुळजापुरात एका लॉजवर काउंटरला बसतात. अणदूरहून जाण्यायेण्याचं भाडंही त्या चौदातच.

वहीच्या डाव्या पानावर येणारे पैसे लिहिले, उजव्यावर जाणारे. डावीकडं ओळी दोनच. ह्यांच्या पगाराची भरलेली, खाली माझी, कोरी. उजवं पान मात्र लग्नाच्या पंगतीसारखं भरलेलं, म्हणून तिथं कात्री चालवली. टीव्हीचं रिचार्ज बंद. ह्यांची स्टँडवरची भजी बंद. दुपारी सासूबाईंकडं गप्पा मारायला येणाऱ्या बायकांना अर्धाच कप चहा.

"घर चालवायलीस का तुरुंग?" हे म्हणाले.

"तुरुंगात जेवण फुकट असतं," मी म्हटलं. "आधी वांगी आणा. उतरलीत."

माझा स्वभाव असाच आहे. भीती वाटली की मी चिडते, आणि त्या दिवसांत मला फार भीती वाटत होती. माहेरी आई नाही, त्यामुळं बाळंतपण सासरीच होणार होतं. सासूबाईंना, गिरिजाबाईंना, मी आत्या म्हणते. त्यांनी अर्ध्या कप चहावरही तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः चहा घेईनाशा झाल्या आणि पाहुण्या बायकांना पूर्ण कप देऊ लागल्या. हिशेब तेवढाच राहिला.

उजव्या पानावर एक ओळ मला रोज टोचायची. बाळाची दुपटी, लंगोट, झबली : अठराशे. नऊ दिवस तिच्याकडं बघून झालं, पण ती ओळ काही कमी होईना.

दहाव्या दिवशी महानंदा आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. डोक्यावर पाटी, काखेत गाठोडं. आत्या खंडोबाला गेल्या होत्या. म्हटलं, घरातलं जुनंपानं काढावं, बाळाचं दूध तापवायला एखादं भांडं तरी होईल. ट्रंक उघडली. माझे दोन विटके ड्रेस, ह्यांची पँट, आणि तळाशी घडी घातलेली चार जुनी धोतरं, लाल काठाची. धोतर घालणारं घरात आता कुणी नव्हतं. सासरे, कल्याणप्पा, ज्यांना मी मामा म्हणायची, जाऊन तीन वर्षं झाली होती.

महानंदानं धोतरावरून हात फिरवला आणि झाकणासकट जाड बुडाचा एक गंज काढून दिला. घासाघीस केली नाही. तिथंच मला कळायला हवं होतं.

आत्या आल्या तेव्हा गंज घासूनपुसून ओट्यावर मांडला होता. "बघा आत्या, एक पैसा न घालता आणला!"

"कशावर घेतलास?"

मी सांगितलं. त्या ट्रंकेपाशी गेल्या, तळापर्यंत हात घातला आणि तिथंच जमिनीवर बसल्या.

"ती धोतरं म्या बाळासाठी ठेवली व्हती गं," त्या म्हणाल्या. "पहिलं कापड नवं घालत न्हाईत. टोचतंय. थोरामोठ्याचं धुऊन मऊ झालेलं घालायचं, त्याचं आयुष्य बाळाला लागतंय. तुझे मामा जाताना म्हणले व्हते, गिरिजे, माझं धोतर नातवंडाला फाड. दर महिन्याला धुऊन, वाळवून ठेवायली व्हते म्या."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अठराशेची ओळ? चार धोतरांत ती ओळ मोफत सुटणार होती. अख्ख्या घराला काटकसर शिकवणारी मी, घरातली दुपटी देऊन दुपट्यांचा खर्च पदरात घेतला होता. शहाण्याचा कांदा!

महानंदाचा फोन बंद लागत होता. राहायला नळदुर्गात, किल्ल्याच्या बाजूला, एवढं शेजारणीकडून कळलं. सकाळी मी गंज पिशवीत घातला. आत्या चप्पल घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला, आत्या?"

"तू एकली रिक्षात हिसके खात जाणार व्हय? चल."

वाटेत खड्डा आला की त्या माझ्या पोटावर आडवा हात धरायच्या.

महानंदाच्या अंगणात कपड्यांचे ढीग होते. तिनं आम्हाला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी गंज पुढं केला, चुकून दिल्याचं सांगितलं. ती आत गेली आणि धोतरं घेऊन आली. तीन.

"चौथं?"

ती दारातून बाजूला झाली. आत खाटेवर तिची लेक बसली होती, दीपाली. बाळंत होऊन नऊ दिवस झालेले. तिच्या मांडीवर लाल काठाच्या धोतरात गुंडाळलेलं एवढंसं बाळ. धोतर मधोमध फाडलं होतं. दुसऱ्या अर्ध्याचे लंगोट दोरीवर वाळत होते.

"इकायला न्हाय घेतलं, मावशी," महानंदा म्हणाली. "रोज ढीगभर कापड हातात येतंय, पर सगळं नायलॉन. असं सुती मिळंना. हात लावला आन् ऱ्हावलं न्हाय बघा. दीपे, सोड ते. देऊन टाक."

दीपाली गाठ सोडायला लागली तसं बाळ कळवळून रडलं.

आत्या पुढं गेल्या. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, मग बाळाच्या तळव्यावरून. त्या धोतरासाठी त्या तीन वर्षं थांबल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "बांध परत. त्यांनीबी ते काढू दिलं नसतं."

मग पदर डोळ्याला लावून त्या रडल्या. मीही रडले. पगार गेल्यापासूनचं सगळं तिथं परक्याच्या अंगणात बाहेर आलं. महानंदानं आम्हाला चहा दिला. पूर्ण कप.

निघताना तिनं पाटीतून एक छोटी वाटी आणि चमचा काढून माझ्या हातावर ठेवला. "तीन धोतरावर अख्खा गंज म्या कसा घेऊ? एक माझ्यापाशी ऱ्हायलं, बाकीची कापडंबी ऱ्हायली की. ही वाटी बाळाला."

घरी आल्यावर आत्यांनी धोतरं अंथरली. मी धरलं, त्यांनी फाडलं. तीन धोतरांत सहा दुपटी निघाली, वर लंगोटांचा ढीग. झबल्यांनाही तुकडे उरले. मी वही आणली आणि आत्यांना आकडा सांगून अठराशेवर काट मारली. इतक्या जोरात की पान फाटता फाटता वाचलं.

आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी डाव्या पानावर बोट ठेवलं. "ही जागा मोकळी का गं?"

"तिथं माझा पगार असायचा."

त्यांनी हातातल्या दुपट्याची घडी घातली.

"मग तितं मामांचं नाव लिव्ह," त्या म्हणाल्या. "अठराशे. अजून घरात आणून देयलेत म्हणावं."

मी लिहिलं. कल्याणप्पा : अठराशे. मग उठले आणि चहा टाकला, दोन पूर्ण कप.