वांडाचे चौदा शतांश

शर्यत म्हाताऱ्याने जिंकली. छप्पन्न वर्षांची हिरवी गाडी सातशे घोड्यांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या दीड गाडी पुढे राहून रेषेपार गेली. मैदानावरच्या चाळीसेक माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं, हॉट डॉग विकणाऱ्या बाईने तर पाव हातात तसाच धरून पाहिलं. पण हे झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. सगळ्या संबंधितांनी तसंच समजायचं ठरवलं आहे, आपण कोण वेगळे?

तर शर्यत अजून व्हायची आहे. सप्टेंबरातला रविवार आहे, आणि गार्थ व्हॅन्डरमोलन मिशिगनमधल्या आपल्या सासऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून कोबी आणि सॉसेज खातो आहे. गार्थ पाणी मऊ करायची यंत्रं विकतो. इकडे विहिरीचं पाणी इतकं जड, की किटलीत दगड पिकतात. त्यामुळे धंदा बरा चालतो, पण त्याबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलण्यासारखं काही नसतं. सासरा त्याला ‘पाणीवाला’ म्हणतो. पंचवीस वर्षांत नाव कधी घेतलेलं नाही.

सासऱ्याचं नाव कॅझिमिर ड्रोझ्द, वय ब्याऐंशी. तरुणपणी तो मोटारींच्या कारखान्यात डावे दरवाजे बसवायचा. अडुसष्ट साली तिथूनच निघालेली एक हिरवी गाडी त्याने घेतली, पुढे मोठं इंजिन, मागे जवळजवळ काहीच नाही, आणि तिचं नाव ठेवलं वांडा. डावा दरवाजा त्याने स्वतः बसवलेला. उजवा कुण्या दुसऱ्याने बसवलेला, म्हणून त्या दरवाजावर त्याचा आजही विश्वास नाही. शेजारी बसणाऱ्याला तो सांगतो, दाराला टेकू नकोस.

नाव वांडा, आणि त्याच्या मुलीच्या, म्हणजे गार्थच्या बायकोच्या, नूरीनच्या मते सगळा वांधाही तीच. ऑगस्टमध्ये कॅझ सकाळी ब्रेड आणायला म्हणून निघाला आणि दुपारी चार वाजता ओहायो राज्यात सापडला, कुणा अनोळखी माणसाच्या अंगणात, खुर्ची टाकून बसलेला. ब्रेड आणला होता, ही गोष्ट तो प्रत्येक वेळी लक्षात आणून द्यायचा. त्यानंतर शेजाऱ्याची पत्रपेटी दोनदा आडवी झाली. दुसऱ्या वेळी आत पत्रंही होती.

म्हणून त्या रविवारी नूरीनने टेबलावर सीडर नोल नावाच्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक ठेवलं. मुखपृष्ठावर एक म्हातारी सफरचंदाकडे बघून हसत होती. कॅझने पत्रक पाहिलं, त्यावर आपला ब्रेड ठेवला आणि लोणी लावायला घेतलं.

“ताता, गाडीच्या किल्ल्या दे,” नूरीन म्हणाली. “बाकी काही मागत नाही.”

पण बाकी काही मागायला उरतच नव्हतं. कॅझचं घर गावापासून नऊ मैल. बस नाही, फुटपाथ नाही, शेजारी आता बोलत नाही. किल्ल्या गेल्या की दूध कोण आणणार, औषध कोण आणणार, असं करत करत महिन्याभरात माणूस सफरचंदाकडे बघून हसायला लागतो. हे टेबलावरच्या तिघांनाही ठाऊक होतं.

कॅझने सुरी खाली ठेवली. “माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे डॉक्टर कसं ठरवतो? आज वार कोणता, विचारतो. निवृत्त माणसाला वार काय करायचाय? मला विचारा, वांडा पाव मैल किती सेकंदांत जाते. शतांशापर्यंत सांगतो. चुकलो तर किल्ल्या घ्या, मी स्वतः बॅग भरतो.”

ही बढाई नव्हती. गावाबाहेरच्या पाव मैलाच्या पट्टीवर शनिवारच्या शर्यती अशाच होतात. तिथे कोण वेगवान, हा प्रश्नच नसतो. प्रत्येकाने आपली गाडी किती वेळ घेणार तो आकडा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. मग सावकाश गाडीला दोन आकड्यांतल्या फरकाइतका वेळ आधी सोडतात, म्हणजे दोघं आपापल्या शब्दाला जागले तर रेषेवर एकदमच पोचतात. जो आधी पोचला तो जिंकला. फक्त एक मेख आहे. लिहिलेल्या आकड्यापेक्षा जलद गेलात तर बाद. तिथे हळू जाण्याला माफी आहे. स्वतःला ओळखण्यात चूक झाली तर नाही.

नूरीन याच गावात वाढलेली. तिने दोन अटी घातल्या. धाव एकच होणार, सरावाची वगैरे नाही, रक्तदाब आहे. आणि समोर गाडी असेल ती गार्थची.

गार्थची गाडी ही बावन्नाव्या वाढदिवसाला त्याने स्वतःला दिलेली भेट होती. तिच्यात सातशे घोडे होते आणि त्यांना आवरणारे अकरा संगणक. ती चालवायला माणूस लागतो तो निव्वळ कायद्यासाठी. चाक घसरायच्या आधी तिला कळायचं, ब्रेक दाबायच्या आधी ती दाबून मोकळी व्हायची, आणि लाल दिव्यापाशी थांबलं की सीट पाठ रगडून द्यायची. कॅझ तिच्यात एकदाच बसला होता. इंजिनचा आवाज छान येतो म्हणाला. गार्थने प्रामाणिकपणे सांगितलं की काचा इतक्या जाड आहेत की खरा आवाज आत येत नाही, हा स्पीकरमधून सोडतात.

“म्हणजे ही खोटं बोलते,” कॅझ म्हणाला.

“तुमच्या वांडाचा पेट्रोलचा काटा बारा वर्षं ‘भरली आहे’ म्हणतोय, कॅझ.”

“ते खोटं नाही. ती आशा आहे.”

गार्थला म्हातारा जिंकायला हवा होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर मुळीच नाही. दर शुक्रवारी कॅझ त्याला वांडात घालून चर्चच्या मासे-जेवणाला न्यायचा, वाटेत एक शब्द न बोलता गिअर कसा टाकतात ते नुसतं दाखवायचा. गार्थच्या स्वतःच्या बापाने त्याला टपाल तिकिटं दाखवली होती, तीही लांबून. नूरीनचं बरोबर आहे हेही गार्थला कळत होतं. पण बरोबर असणाऱ्याच्या बाजूला आधीच गर्दी असते.

म्हणून त्याने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, रेषेच्या अलीकडे हळूच ब्रेक लावायचा. दुसरी गोष्ट त्याने शर्यतीच्या आदल्या दिवशी केली. नूरीन कॅझला आपल्या गाडीतून न्हाव्याकडे घेऊन गेली असताना त्याने वांडाची डिकी उघडली. आत, बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून ठेवलेली वाळूची दोन पोती होती, साठ-साठ पौंडांची. ज्या बर्फासाठी ठेवली तो वितळून कितीतरी वर्षं झाली होती, पोती तिथेच. एक सोळा पौंडांचा बोलिंगचा चेंडू होता. आणि चार पौंडांचा एक डबा, नुसत्या डाव्या दरवाजांच्या बिजागऱ्यांचा. गार्थने सगळं काढून गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली लपवलं. बिचारीला तेवढंच हलकं वाटेल, पळेल जरा, असं त्याच्या मनात. नियम त्याला पाठ होता. पण पाठ असणं आणि कळणं या दोहोंत अंतर असतं, आणि ते पुढे यंत्राने अगदी नेमकं मोजून दिलं.

शनिवारी दुपारी बारा वाजता आभाळ स्वच्छ होतं. कॅझने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने बोट ओलं करून हवेत धरलं, निघताना पाहिलेला वायुभारमापकाचा आकडा तोंडात पुटपुटला, मैदानावरून आलेल्या वाऱ्याचे काही शतांश वजा केले आणि काचेवर लिहिलं: १४.२०. आकडा ठळक आला. गार्थच्या गाडीने आपला आकडा स्वतःच सुचवला: ११.४०.

नूरीन कुंपणापाशी उभी होती. तिने दोघांनाही शुभेच्छा दिल्या नाहीत.

दिव्यांच्या खांबावर पिवळे दिवे उतरत आले, हिरवा लागला आणि वांडा निघाली. तिने आधी मागचं अंग खाली टेकवलं, मग तोंड वर केलं आणि अख्खी गाडी एखादं कपाट जिन्यावरून ढकलल्यासारखी गडगडली. गार्थ जागेवरच. त्याला दोन पूर्णांक आठ सेकंद थांबायचं होतं. तेवढ्या वेळात सीटने त्याची पाठ रगडायला सुरुवात केली. मग त्याचा हिरवा लागला आणि पुढचं सगळं गाडीने केलं. वांडाचे मागचे दिवे त्याच्याकडे ओढल्यासारखे येऊ लागले. शेवटच्या शंभर यार्डांत त्याने ठरल्याप्रमाणे पाय उचलला आणि ब्रेकवर टेकवला. गाडीने पडद्यावर विचारलं, सगळं ठीक आहे ना? वांडा दीड गाडी पुढे राहून रेषेपार गेली.

गार्थ आत एकटाच हसला. हे त्याचं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

परतीच्या वाटेवर एक खिडकी असते, तिथे वेळेची चिठ्ठी छापून मिळते. कॅझने ती घेतली, चष्मा वर केला, खाली केला. मग घडी न घालता ती शर्टाच्या खिशात ठेवली, परत काढली आणि परत वाचली. गार्थ पळत आला, अभिनंदन म्हणायला त्याने हातही पुढे केला होता. चिठ्ठीवर १४.०६ होते. नावापुढे ‘बाद’.

“मी चौदा-वीस म्हटलं होतं ना?” कॅझने विचारलं. त्याला खरंच खात्री नव्हती. त्याने मागे वळून काचेकडे पाहिलं. तिथे १४.२० च होते, त्याच्याच अक्षरात. ते वाचून त्याचा चेहरा असा झाला, जणू आकडा दुसरा कुठला असता तर बरं झालं असतं.

गार्थने पुढे केलेला हात मागे घेतला. मग त्याने सगळं सांगितलं. वाळू, चेंडू, बिजागऱ्या, ताडपत्री. शंभर पौंडांना एक दशांश सेकंद, हा हिशेब त्या मैदानावरच्या कुत्र्यांनासुद्धा येतो. एकशे चाळीस पौंड, चौदा शतांश. म्हाताऱ्याचं गणित सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर होतं.

नूरीन जवळ येऊन ऐकत होती. ती नवऱ्याला काहीच बोलली नाही, म्हणजे पुढच्या दहा वर्षांसाठी शिल्लक ठेवलं. बापाला म्हणाली, “मग ही धाव धरायची नाही, ताता. वाळू परत टाकू, पुढच्या शनिवारी पुन्हा पळ.” तिला जिंकायचं नव्हतंच कधी, तिला फक्त फोन वाजला की दचकायचं नव्हतं.

कॅझ वांडाच्या मागे गेला. डिकी उघडून आतल्या रिकाम्या जागेकडे त्याने बराच वेळ पाहिलं, कुणी दार उघडल्यावर आपलं घर नसलेलं बघावं तसं. एकदा हात आत घालून चाचपलंही.

गार्थ म्हणाला, “कॅझ, चूक माझी आहे. मी डिकी रिकामी केली म्हणून तुम्ही हरलात.”

“नाही रे, पाणीवाल्या. तू रिकामी केलीस म्हणून नाही. रिकामी आहे हे मला कळलं नाही म्हणून.” त्याने डिकी हळूच लावली. “पूर्वी खिशात चार नाणी जास्त असली तरी वांडात बसल्यावर मला कळायचं. आज घरून सहा मैल चालवत आणली. एकशे चाळीस पौंड, आणि मला वाटलं ऊन छान आहे.”

मग त्याने किल्ल्या काढल्या. त्या नूरीनला दिल्या नाहीत, गार्थच्या हातात ठेवल्या. आणि घरी जायला उजव्या बाजूने, शेजारच्या सीटवर बसला, दाराला न टेकता.

सीडर नोलला खोली ऑक्टोबरातच मिळाली, कारण आधीच्या रहिवाशाला ती लागेनाशी झाली होती. जेवण मऊ, उशा मऊ, पाणीही मऊ. यंत्र गार्थनेच बसवलं होतं. दर रविवारी तो वांडा घेऊन तिथे जायचा. गाड्या उभ्या करायची जागा इमारतीच्या पश्चिमेला आणि कॅझची खिडकी पूर्वेला, कचऱ्याच्या डब्यांकडे. पहिले काही रविवार गार्थ त्याला चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यायचा. जानेवारीत बर्फ आणि खोकला एकदमच आले आणि डॉक्टरांनी बाहेर नेणं बंद केलं. मग गार्थ खाली वांडा सुरू ठेवून वर यायचा. भिंती जाड होत्या. आवाज येतोय का, विचारलं की कॅझ डोळे मिटायचा, मान एका बाजूला करायचा आणि थोड्या वेळाने म्हणायचा, नाही.

फेब्रुवारीत त्याने गार्थला स्वागतकक्षातून सूचना-अर्जाचा छापील कागद आणायला लावला. हात आता लिहिण्यासारखा राहिला नव्हता. तो सांगत गेला, गार्थने उतरवून घेतलं, खाली नाव घातलं आणि काउंटरवरच्या पेटीत टाकलं. पेटी काठोकाठ भरलेली होती, दोनदा ढकलावं लागलं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, सीडर नोल निवास.

विषय : इमारत फिरवून मिळणेबाबत.

महोदया,

अर्जदार खोली क्रमांक चौदामध्ये राहतो. अर्जदाराच्या खिडकीतून कचऱ्याचे तीन डबे व्यवस्थित दिसतात, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि अर्जदाराची गाडी इमारतीच्या दुसऱ्या बाजूस उभी असते. गाडी खिडकीखाली आणण्याबाबत विचारणा केली असता, तो मार्ग अग्निशामक वाहनांसाठी राखीव असल्याचे समजले. खोली बदलण्याबाबत विचारणा केली असता, पश्चिमेकडील खोल्या भरलेल्या असून त्या कधी रिकाम्या होतील हे सांगणे प्रशस्त नसल्याचे समजले. सबब, सदर इमारत पायासकट एकशे ऐंशी अंशांत फिरवण्यात यावी. काम चालू असताना अर्जदार खिडकीपाशी बसून राहील व आवाजाबद्दल त्याची कोणतीही हरकत असणार नाही. काम रविवारपूर्वी पूर्ण व्हावे, ही नम्र विनंती.