‘करू’चं ‘केलं’

“गेल्या वर्षीची फाइल उघडायची. ‘पुढील योजना’ उचलून ‘वर्षभरातील कार्य’ या मथळ्याखाली आणून ठेवायच्या. ‘करू’ असेल तिथं ‘केले’ घालायचं, ‘उभारू’ असेल तिथं ‘उभारले’. खाली सही ठोकायची. एवढ्यासाठी जीव आटवायचा नाही, बाई.”

निवृत्तीच्या दिवशी जुन्या विभागप्रमुखांनी खुर्चीबरोबर ही युक्तीही बाईंच्या हवाली केली होती. त्याला नऊ वर्षं झाली. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा वार्षिक आढावा दर वर्षी निघत होता आणि यंत्र विभागाचं पान त्यात कधी अडलं नव्हतं. ते कुणी वाचतच नव्हतं ना! मुलींसाठी विश्रांतिकक्ष ‘उभारू’ होता, तो पुढच्या वर्षी ‘उभारला’ झाला. मुली अजूनही जिन्याखाली बसून डबा खात होत्या.

यंदाही दुपारी दोन वाजता बाई आढाव्याला बसल्या. उत्तरपत्रिका तपासून तपासून डोळे चुरचुरत होते. मान एका बाजूला वळत नव्हती. समोर कारकून टंकत होता. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण त्याची वाक्यं कधी संपायचीच नाहीत.

“बाई, ‘पुढील योजना’त काय टाकू? चारला प्राचार्यांची बैठक आहे, त्याआधी छापून हवंय, नाहीतर ते मलाच बोलतील.”

“गेल्या वर्षीच्याच टाक.”

“त्या वर नेल्या की आपण. म्हणजे झाल्या पूर्ण.”

“मग लिही, ‘उद्योगांशी संवाद वाढवू.’”

“तो सहा वर्षं वाढतोय, बाई. आता कापणीला आला असेल.”

बाई हसल्या, पण हसायलाही अंगात त्राण लागतं. त्यांनी कपाळ दाबून धरलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं.

वर्कशॉपचे मिस्त्री होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या लेथ मशीनला तेल घालताना बाही फिरत्या पट्ट्यात ओढली गेली आणि दोन बोटं गेली.

“मामा, अहो, घरी पडून राहायचं सोडून हे काय?”

“पडून पडून पाठीला मुंग्या आल्या. सून म्हणते, घरात लुडबुड करू नका, जरा फिरून या.” मामांनी उजव्या हातानं खिशातून कागद काढला. “आणि हे आलंय. जरा वाचून सांगा. कालपासून वाचतोय, पण डोक्यात शिरत नाही.”

चौकशी समितीचं पत्र होतं. ‘सदर लेथच्या पट्ट्याला संरक्षक जाळी गेल्या वर्षीच बसवण्यात आली होती, असे विभागाच्या आढाव्यावरून दिसते. ती मिस्त्री यांनी काढून ठेवली असावी. सबब, अपघात त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाला. त्यांना वर्कशॉपच्या कामावरून दूर करण्यात येत आहे.’

“कुठली जाळी, बाई?” मामांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “काल वर्कशॉपचा कोपरा न् कोपरा हुडकला. भंगाराचा ढीग उपसला. तुमची सही आहे म्हटल्यावर वाटलं, जाळी बसलीच असणार, मीच विसरलो. वयाचं काही सांगता येत नाही.”

जाळी मामांनीच मागितली होती, पाठीस लागून. बाईंनी ती योजनांत घातली होती: ‘बसवू’. वर्ष सरलं आणि ‘बसवली’. त्या दुपारीही अशीच मान दुखत होती.

“तुम्ही काही विसरला नाहीत, मामा. जाळी आलीच नव्हती. ती मी कागदावर बसवली.”

टंकण्याचा आवाज थांबला.

मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. म्हणाले, “बोटं गेली ती गेली. पण जाळी नाही म्हणून त्या लेथवर एकाही पोराला मी उभं केलं नाही. आता तीच पोरं म्हणतील, मामानंच जाळी काढली.”

“नाही म्हणणार. चारची बैठक सुरू व्हायच्या आत मी प्राचार्यांना सांगते. लेखी देते. शब्द देते तुम्हाला.”

“पण तुमचं? निवृत्तीला अकराच महिने राहिलेत ना?”

“ते माझं मी बघीन. तुम्ही घरी जा, ऊन लागेल.”

मामा गेले. स्वल्पविराम खुर्ची सरकवून जवळ आला. “बाई, तोंडी सांगा की. कागद म्हणजे गळ्यात धोंडा. चौकशी तुमच्यावर फिरेल, पेन्शन लटकेल, आणि वर...”

“त्यांच्यावरचा ठपका कागदावरच आहे ना रे?”

“मग मी टंकून देतो, नीट भाषेत.”

“नको. नीट भाषेनंच घात केलाय.”

बाईंनी कोरा कागद ओढला. ‘जुन्या लेथला जाळी कधीही बसवलेली नाही. मिस्त्रींचा यात काही दोष नाही. गेल्या वर्षीच्या आढाव्यातली नोंद’ इथवर हात सरसर चालला आणि अडला. त्यांनी लिहिलं ‘चुकीची’. शब्दाकडे पाहत बसल्या. अकरा महिने त्या एका शब्दाच्या आडोशाला सुखानं निघाले असते. देवाचं नाव घेतलं, शब्द खोडला, वर लिहिलं ‘खोटी’, आणि पुढे, ‘आहे व ती मी केली आहे.’ खाली सही केली.

घड्याळात साडेतीन वाजत होते.

“आढावा छापू की थांबू?” स्वल्पविरामनं विचारलं.

“थांब.”

प्राचार्यांचं दालन पटांगणापलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतं. बाईंनी कागद घडी न घालता हातात धरला, पदर खांद्यावर सारखा केला आणि कुणाला काही न सांगता उन्हात उतरल्या.